गुंजनला चुकू दिलं त्याची हकीकत

सेलू

तीर्थरूप सुलोचनाताईस,

धाकट्या ज्ञानेश्वरचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे खाऊनपिऊन बरे आहोत. तुझा गुडघा आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. फोनच केला असता, पण फोनवर तू फोडणी देता देता ऐकतेस. मग तुझी भाजी करपते आणि माझी गोष्ट अर्धी राहते.

तर झालं असं. गुंजनच्या शाळेत पालकांसाठी नागपूरच्या एका सरांचं भाषण होतं, मुलं यशस्वी कशी होतात यावर. सर म्हणाले, मुलांवर खरी जबाबदारी टाका, मध्ये मध्ये बोलू नका, त्यांना चुकू द्या. मला फार पटलं. (आपण काही करायचं नाही असं सांगणारं कोणतंही भाषण मला पटतं, असं तुझ्या भावजयीचं, माधवीचं म्हणणं.) घरी येताच मी आपल्या बारा वर्षांच्या लेकीवर मेथीचं ओलित सोपवलं. मोटर तिने लावायची, पाणी तिने फिरवायचं, मी बांधावर बसून तोंड बंद ठेवायचं.

बांधापलीकडे चंद्रभानचं वावर, तुला ठाऊकच आहे. धुऱ्यावरच्या बाभळीच्या एका फांदीवरून आमचं बोलणं तुटलं. आता ती बाभूळही राहिली नाही, अबोला मात्र हिरवागार होता. त्या सकाळी तो सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं बी पेरून नुकताच घरी गेला होता. गुंजनने मोटर लावली, पाण्याचा दांड फोडला तो नेमका उलट्या बाजूने, आणि पाणी निघालं थेट चंद्रभानच्या वाफ्यांकडे. मला दिसत होतं, ताई. ओरडावंसं वाटत होतं. पण सरांचे शब्द आठवले आणि मी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला. (खोटं कशाला सांगू, चंद्रभानचे वाफे बुडताना थोडं बरंही वाटत होतं.) माधवी डबा घेऊन आली, तर तिला वाटलं माझी दाढ दुखते आहे.

गुंजनच्या ध्यानात आलं तशी ती धावत जाऊन मोटर बंद करून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमाले दिसत होतं ना? मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुले चुकू देत होतो, बेटा. सरांनी सांगतलं होतं."

"चुकलो मी, अन् बी वाहून गेलं काकाचं! त्यायनं थोडीच भाषण ऐकलं होतं?"

पायाचा चिखलही न धुता ती चंद्रभानच्या घराकडे निघाली. मी मागोमाग, पण फाटकापर्यंतच. ती सरळ अंगणात जाऊन म्हणाली, "काका, माह्यानं तुमचे वाफे बुडाले. उद्या मी पुन्हा पेरून देतो."

चंद्रभान फाटकाकडे पाहत म्हणाला, "बापानं शिकवलं का हे?"

मी मान ताठ केली.

"नाई," गुंजन म्हणाली, "बाबा तर तोंडात दुपट्टा घालून पाहून राह्यले होते."

चंद्रभान असा खदखदून हसला की त्याची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली. मग मला म्हणाला, "फाटकातच उभा राह्यतं का आता? ये ना आत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून सांभार पेरला. गुंजनचं बी कुठे दाट पडलं, कुठे विरळ. चंद्रभान काही बोलला नाही. मी बोललो, तर दोघांनी मलाच गप्प केलं. मुलं कशाने यशस्वी होतात ते सरांना ठाऊक. पण ज्या अंगणात जायला मला इतकी वर्षं लाज वाटली, तिथे ती चिखलाच्या पायांनी गेली, आणि तिला तसं कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझा,
ज्ञानेश्वर

ता.क. पुढच्या शनिवारी गुंजन तुझ्याकडे पुलगावला येते आहे, बसने, एकटी. स्टँडवर घ्यायला जाऊ नकोस. तुझं घर तिचं तीच शोधणार आहे. मी तिला लगेच हो म्हटलं.

ता.क. २. तरी तू तिथल्या चहाच्या टपरीआड उभी राहा. बसमागे हेल्मेटवाला मोटरसायकलस्वार दिसला तर हाक मारू नकोस. तो मी आहे.

ता.क. ३. माधवीने हे पत्र वाचलं आणि मला पोटभर हसली. मग पाकिटावर तुझा पत्ता लिहिता लिहिता हळूच म्हणाली, "गाडीवर मागं मले बसाले जागा राहीन ना?"