बाबांचं अक्षर

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्याकडून निघालो तो घरी न जाता बेकरीवरच पोचलो. माझ्या माघारी कारागीर पिठात मीठ घालायला विसरले होते, पावांचा अख्खा घाणा वाया गेला. मी कुणावर ओरडलो नाही. रागावलो होतो ते दुसऱ्याच गोष्टीवर.

निघताना तुझ्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितोय. भिंगरी जिन्यात बसून रडत होती. मी मागून डोकावलो, तर मांडीवर तुमच्या वाचनालयाचं ते निळ्या पाठीचं पुस्तक. उघड्या पानावर एक मुलगी म्हणते की आई गेली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. ताई, असं कुणी लिहितं का? आणि लिहिलंच, तर ते तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात पडू द्यायचं? तिच्या आईला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. इथे मोठी शाळा नाही म्हणून पोर तुझ्याकडे ठेवली, आणि जागा बदलली की तिचं मनही रमेल असं वाटलं होतं.

पुस्तक मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि जाता जाता तुमच्या अध्यक्षांच्या घरी दिलं, अर्जासकट. हे पुस्तक वाचनालयातून काढून टाकावं, एवढंच मागितलंय. तू तिथे नोकरीला आहेस, तुला त्रास नको म्हणून तुझा उल्लेखही केलेला नाही.

बिस्किटांचा डबा ठेवून आलोय, मऊ पडायच्या आत संपवा. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठवायचं सोडू नकोस.

तुझा
धाकटा


ता. १३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बिस्किटं झकास झाली होती, डबा रिकामा आहे. मला त्रास नको म्हणून माझ्या पाठीमागे माझ्याच अध्यक्षांकडे गेलास, यावर हसावं की तुझा कान धरावा ते ठरत नाहीये. त्यांनी तुझा अर्ज मला प्रशस्तिपत्र दाखवावं तसा दोन्ही हातांनी धरून दाखवला. हा माझा भाऊ, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग तर दुधात साखर.

पुस्तक मी तिला दिलं नाही. तिने आपल्या हाताने कपाटातून काढलं, मी शिक्का मारला. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, हे मात्र खरं. क्षणभर वाटलं, नको म्हणावं. पण इथे आल्यापासून ती माझ्याशी शाळा, भाजी आणि धुणं याखेरीज काही बोलत नाही. आईचं नाव एकदाही काढलेलं नाही. मला जे तिला विचारता येत नाही ते पुस्तकाला विचारता येत असेल, तर विचारू दे, असं मनाशी म्हटलं.

ती रडताना तुला दिसली. त्याआधी इतके दिवस ती रडतच नव्हती, ते तुला दिसलं नव्हतं.

आता खरं सांग, तू पुस्तक कितीसं वाचलंस? समितीची बैठक जवळ आली आहे. अर्ज मागे घ्यायचा तर आत्ताच.

जेवणाची आबाळ करू नकोस. बहिणीवर रुसायचं असेल तर पोटभर जेवून रूस.

तुझी
ताई


ता. १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते एकच पान वाचलं. पीठ नासलं की वासावरून कळतं, त्याचा पाव भाजून खाऊन बघावा लागत नाही.

पण तुझं पत्र आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भिंगरीला खरंच तसं वाटलं असेल का? तिने आईचं किती केलं ते तू पाहिलंस. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आईची चादर बदलायची. औषधं द्यायची, भरवायची, आईने रात्री हाक मारली की माझ्या आधी उठायची. अशी पोर असलं काही मनात आणेल? ते त्या पुस्तकानेच तिच्या डोक्यात भरवलं असणार. म्हणूनच अर्ज मागे घेत नाही. तू मोठी आहेस, तेवढं समजून घे.

भिंगरीला सांग, बाबांनी आठवण काढलीय. तूही माझ्यावर जीव ठेव, आत्ता जड जात असेल तरी.

तुझा
धाकटा


ता. २८ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बैठक झाली. तू एक पुस्तक काढायला सांगितलं होतंस ना? अध्यक्ष म्हणाले की एका जागरूक पालकाने आपले डोळे उघडले, पण असं पुस्तक एकच असेल कशावरून? मग जो तो आठवून सांगू लागला. स्टेशनरीवाल्यांना घटस्फोटाच्या गोष्टी नकोत. वकीलबाईंना शरीराची माहिती सांगणारं पुस्तक नको. एकांना तर मुलं मास्तरांना उलट उत्तरं देतात तेवढ्यावरून एक विनोदी पुस्तक खटकलं. मी विचारलं की यातलं कुणी काही वाचलंय का. अध्यक्ष शांतपणे म्हणाले की वाचून आपल्यावरही परिणाम झाला तर निर्णय कोण घेणार?

मुलांची दोन कपाटं रिकामी झाली. पुस्तकं मागच्या खोलीत, बंद पडलेल्या पंख्यांशेजारी. बाहेरून कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे. मी लेखी विरोध नोंदवला, तर ग्रंथपालांनी आपल्या कामापुरतं पाहावं असं लेखी उत्तर मिळालं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तुझा अर्ज त्यांनी सूचनाफलकावर लावलाय, काचेच्या आत, आदर्श म्हणून. सहीवर कागदाची पट्टी चिकटवलीय. सही झाकली, अक्षर कसं झाकणार? भिंगरीच्या प्रत्येक वहीवर तुझ्याच हाताने तिचं नाव घातलेलं आहे. शाळेतून येताना ती फलकापुढे थांबली आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला. मी टेबलामागून बघत होते, पण उठून जाईपर्यंत ती निघून गेली होती. घरी आल्यावर जेवली, ताट धुतलं. मी विषय काढायला गेले तर म्हणाली, आत्या, मला कळलंय.

तिचं पत्र सोबत आहे. पाकीट तिनेच चिकटवलंय, मी वाचलेलं नाही.

सांभाळून राहा. मी तुझ्यावर चिडलेय, पण तुझ्या बाजूनेच आहे.

तुझी
ताई


ता. २८ जून

ती. बाबांस,
सा. न.

तुमच्या अर्जात लिहिलंय की असे विचार निरोगी मुलांच्या मनात येत नाहीत. माझ्या मनात आले होते. पुस्तक वाचायच्या खूप आधी.

आई गेली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता तिला दुखणार नाही. मग वाटलं, आता रात्री हाक येणार नाही. मग मला झोप लागली. सगळे रडत होते आणि मी झोपले. असं जगात मला एकटीलाच झालं, मी वाईट आहे, असं मला वाटायचं. त्या पुस्तकात अजून एक मुलगी भेटली म्हणून मला रडू आलं. तुम्ही मागे उभे होतात ते कळलं नाही.

तुम्ही पुस्तक घेतलंत तेव्हा मी मध्यावर होते. तिचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही. तुम्ही वाचलं असेलच, तर कळवा.

आत्या बरी आहे. अभ्यास चालू आहे.

तुमची
मुलगी


ता. ७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिने खाली भिंगरी लिहिलं नाही. तुमची मुलगी लिहिलंय.

मी अर्ज मागे घेतो म्हणून अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, अर्ज आता तुमचा राहिला नाही, संस्थेचा झाला. मग मी म्हटलं, निदान ते पुस्तक मला दोन दिवस वाचायला द्या. ते म्हणाले, ते कुणालाच देता येत नाही. अहो, तो जागरूक पालक मीच, असं मी सांगितलं, तर हसले आणि म्हणाले की मग तुम्हाला तर नियमाचं महत्त्व जास्त कळायला हवं. इकडच्या दुकानांत विचारलं, कुणाकडे नाही. माझी पोर मला एका गोष्टीचा शेवट विचारतेय आणि मीच तो कुलुपात घालून बसलोय.

भिंगरीला अजून उत्तर लिहिलेलं नाही. चार वेळा बसलो, चार वेळा कागद फाडला.

तुमच्या सर्वसाधारण सभेला बाहेरगावच्या माणसाला बोलता येतं का, ते कळव. मी बोललो तर तुझ्या नोकरीवर येईल का, तेही कळव. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन.

तुझा
धाकटा


ता. २२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा सभा अर्धी टाकून तू शेवटच्या बससाठी पळालास, म्हणून पुढचं कळवते.

तुझं भाषण म्हणजे काही भाषण नव्हतं. उभा राहून आधी खुर्ची पाडलीस. पण फलकावरचा अर्ज माझा आहे, मी एक पान वाचून लिहिला आणि तो चूक आहे, असं म्हणालास तेव्हा मागची कुजबुज थांबली. तू गेल्यावर वकीलबाई उठल्या. त्या म्हणाल्या की शरीराच्या पुस्तकाला मी नको म्हटलं, पण मला माझ्या लहानपणी ते मिळालं असतं तर बरं झालं असतं. मग बरीच वादावादी झाली. हात वर करून मतं घेतली. मागची खोली उघडायची ठरली, आणि अर्जही फलकावरून उतरला.

फक्त तुझं निळं पुस्तक अडकलं. अध्यक्षांना काहीतरी हातात राहायला हवं होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात राहील. मोठ्या माणसांनी मागितलं तर तिथेच बसून वाचावं, मुलांनी वाचू नये, घरी कुणीच नेऊ नये, असा ठराव झाला. तू आधी अर्जात मागितलं होतंस, नेमकं तेवढंच तुला मिळालं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

माझी नोकरी आहे. अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे काम भराभर उरकतं.

सोमवारी तुझी बेकरी बंद असते. ये. खुर्ची सावकाश सरकव, आणि येताना ताईसाठी काहीतरी आण.

तुझी
ताई


ता. ८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मागचे दोन्ही सोमवार मी वाचनालयात खिडकीपाशी बसून वाचलं. दोन्ही वेळा तू शाळेतून उशिरा आलीस आणि माझी बस निघून गेली होती. उशीर मुद्दाम केलास, हे मला कळतं. माझीही चूक अशी होती की तुझ्यापुढे उभं राहायला मलाही उशीरच बरा वाटत होता.

मला वाचायची सवय नाही, बोट ठेवून वाचतो. तू जिथे थांबली होतीस तिथवर आलोय. पुढचं पान उघडलेलं नाही. पुस्तकातलं सगळं काही मला आवडत नाही. ती मुलगी फार फटकळ आहे. पण तिचा बाप मला बिलकूल आवडला नाही. ती त्याला विचारते की तुम्हालाही तसं वाटलं का, आणि तो खिडकी लावायला उठतो.

तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. हो. तुझी आई गेली त्या सकाळी मीही बसल्या जागी झोपलो होतो. जाग आली तेव्हा अंग हलकं वाटत होतं, आणि लगेच ती आठवली. दोन्ही खरं होतं. तू वाईट नाहीस, बाळा. तू दमली होतीस. आपण दोघंही फार दमलो होतो.

तुझी आत्या म्हणते की ठराव तिने नीट वाचलाय. मुलांनी ते पुस्तक वाचू नये असं त्यात आहे, ऐकू नये असं कुठेही नाही. या सोमवारी मी सकाळच्या बसने येतोय, तुझी शाळा सुटेपर्यंत थांबेन, आणि परतीची बस चुकली तरी चालेल. समोरची खुर्ची धरून ठेवतो. माझा आवाज बेकरीतल्या माणसाचा आहे, पण हळू वाचायचा प्रयत्न करेन.

वाट पाहणारा,
बाबा