गुडघ्यांचं निमित्त

नेब्रास्का, ४ फेब्रुवारी

ती. विल्माआत्यास तबिथाचा सा. न.

तुझं बरं चाललंय हे बाबांकडून कळलं. इथे थंडी मी म्हणतेय आणि आमची शाळा भरते त्या चर्चच्या तळघरातला हीटर बंद. मुलं कोट घालून लॅटिन घोकतात. लॅटिन माझ्याकडे, तर्कशास्त्र माझ्याकडे आणि गाण्याच्या बाई बाळंतपणाला गेल्यापासून स्तोत्रंही माझ्याच गळ्यात. काल सकाळच्या प्रार्थनेला थकव्यानं भान न राहून सगळ्या शाळेकडून आदल्या दिवशीचंच स्तोत्र पुन्हा म्हणवून घेतलं. एकही पोर हसलं नाही. त्यांना माझी कीव आली असावी, आणि मला त्याचंच रडू आलं.

मुख्याध्यापक ओल्सन यांना पुढच्या वर्षासाठी माझा होकार महिनाअखेर हवाय. मी नाही म्हणणार आहे. तू गुडघ्यांपायी शिकवणं सोडलंस. माझे गुडघे ठणठणीत, मला तेवढंही निमित्त नाही.

तुझा लोभ आहेच, तो राहू दे.

तबिथा


९ फेब्रुवारी

चि. तबिथास अ. उ. आ.

नाही म्हणायचं तर खुशाल म्हण, पण आधी आपल्या शाळांच्या शिक्षकांचा मेळावा आहे, तिथे जाऊन ये. व्याख्यानं ऐकू नकोस हवं तर. राजम्याची गरम चिली खा, तिच्यासोबत दालचिनीचे रोल खा, आपल्यासारख्या माणसांत बस. एकटीनं किती दिवस कुढायचं? आणि त्या ओल्सनला म्हणावं, पोरांना स्वर्गात धाडायची इतकी घाई नको, हीटर दुरुस्त कर.

जपून राहा, आत्याला विसरू नकोस.

विल्माआत्या


२३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

गेले होते. पहिल्या दिवशी जो तो विचारी, शाळा कशी चाललीय? मी म्हणे, देवाची कृपा. तेही म्हणत, देवाची कृपा. असं वाटलं, थकलेली मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी नमुना पाठ होता. एकानं शिकवायचं, बाकीच्या शिक्षकांनी मुलांच्या बाकांवर बसून एका सुरात उत्तरं द्यायची. खोली उबदार होती. मी झोपले, आत्या! जाग आली तेव्हा पाठ थांबलेला, दिवे मालवलेले, माझ्या अंगावर कुणाची तरी शाल आणि सगळे आपापल्या बाकावर चिडीचूप. लाजेनं मेल्यासारखं झालं. शेजारच्या गावच्या डोर्कसबाई म्हणाल्या, अगं, घोरत होतीस, कालपासून इथे कुणी खरं बोललं असेल तर ते तूच. मग एकेक जण बोलू लागला. एक दांडगा गृहस्थ म्हणाला, मी रोज शाळेबाहेर गाडीत बसून रडतो, मग आत जातो.

डोर्कसबाई दर गुरुवारी आपला वर्ग घेऊन आमच्याकडे येणार आहेत. तर्कशास्त्र त्या शिकवतील, मी नुसती बसेन. ओल्सनना एका वर्षाचा होकार दिला. थकवा गेलेला नाही, पण चालेल.

अशीच हक्कानं रागावत राहा.

तबिथा


२८ फेब्रुवारी

चि. तबिथास अ. उ. आ.

पत्र वाचून ताटावरून उठले, नीट जेवलेही नाही.

गुडघ्यांचं मी घरच्यांना सांगितलं होतं. माझे गुडघे तेव्हाही धड होते. मीही वर्षानुवर्षं देवाची कृपा म्हणत राहिले आणि एक दिवस घरी येऊन बसले. मला कुणी असं झोपू दिलं असतं, तर मी आजही शिकवत असते.

गुरुवारी रोल घेऊन मी येते. तळघराच्या पायऱ्यांची काळजी करू नकोस.

तुझीच,
विल्माआत्या