कुठेही बसणारं कॅलेंडर

३ नोव्हेंबर, सोमवार
कॅलेंडर तयार. एकदा बनवलं की कुठल्याही अ‍ॅपमध्ये उचलून बसवायचं. चाकणच्या कारखान्याने रजेच्या अर्जासाठी पसंत केलं की मी टीम लीड. सर म्हणाले, आधी सॅम्पल अ‍ॅपमध्ये बसवून तपासा. वर्षाली म्हणाली, सॅम्पल अ‍ॅप दुसऱ्या कुणी लिहावं. काल नोकरीला लागलेली मुलगी. शी. तेही मीच लिहिणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
सॅम्पल अ‍ॅप तयार. त्यातला कामगार मी, मॅनेजरही मीच. रजा मागितली, लगेच मंजूर केली. सगळ्या टेस्ट पास, पडद्यावर हिरव्या. रविवार लाल, क्लिकच होत नाही. सुट्टीच्या दिवशी रजा मागणाऱ्यांची मला किळस येते, कॅलेंडरलाही यावी. कँटीनचा चहा गटाराच्या चवीचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी साधनाने निवांत गरम थालीपीठ वाढलं. तीही चाकणच्या त्याच कारखान्यात आहे, क्वालिटीत. म्हणाली, आमच्या कुणाला तरी एकदा दाखव. मी म्हटलं, आज बायको चुका काढेल, उद्या सासू. ऑफिसात वर्षालीनेही तेच सुचवलं. या एकमेकींना फोन करतात की काय?
संकल्प: रोज एक नवी टेस्ट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
टेस्ट केली नाही. हिरव्यावर पुन्हा हिरवं कशाला फासायचं? लीडची खुर्ची बघून आलो. डोकं टेकायच्या जागी तेलाचा डाग. बदलून घेणार.

१० नोव्हेंबर, सोमवार
चाकणला डेमो. सुपरवायझर सोपानरावांच्या भाचीचं लग्न येत्या रविवारी. रजा टाकायला बसले. रविवार दाबला, हलेना. पेनने दाबला. मी समजावलं, रविवारी सुट्टीच असते.
"साहेब, रविवारी आमी कामावर. आमची सुट्टी गुरुवारची हाय."
मी म्हटलं, सॅम्पल अ‍ॅपमध्ये तर चाललं होतं. सगळे दात काढून हसले. अडाणी लोक.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सर म्हणाले, सॅम्पल अ‍ॅप झकास आहे, ते ठेवू. कॅलेंडर मात्र वर्षालीने कारखान्यात विचारून बनवलेलं बसवू. लीडही तीच. खुर्ची तिने डागासकट घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसात कुणाचं तोंड बघवेना म्हणून रजा टाकली. घरात एकटं पडून राहावं म्हटलं, तर साधना घरीच. विचारलं, आज तुला कशी काय सुट्टी?
म्हणाली, लग्न झाल्यापासून दर गुरुवारी असते.
थालीपीठ तिने एकटीपुरतंच थापलं.