हुंगलेली फुलं

२ एप्रिल १९५०, रविवार

पोचलो एकदाचे औरंगाबादला! नगरहून मोटारीनं निघालो ते दिवसभर धूळ खात आलो, पण सरू, आमची तीन महिन्यांची कुंदा, ट्रंका, पाटा-वरवंटा आणि देव्हारा, सगळं धडपणे उतरलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर इथल्या शाळांतून मराठीचे वर्ग निघताहेत आणि मास्तर मिळत नाहीत. म्हणून तर माझ्यासारख्याला शहागंजमागं एवढं मोठं घर मिळालं.

आणि घरापेक्षा मोठी बाग! मोगऱ्याचे दोन लांब वाफे, भिंतीवर चमेली, कोपऱ्यात हिना. नहरीचं पाणी खापरी नळातून हौदात पडतं, तिथून वाफ्यांत. मूळ मालक अत्तरवाला होता. त्या धामधुमीत कराचीला गेला. नगरला आमच्या दोन कुंड्या होत्या, त्यातल्या एकीत तुळस आणि दुसरीत शेजाऱ्यांची मांजर. इथं फाटक उघडलं आणि मोगऱ्याचा असा वास आला की सरू पिशव्या हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

तरी संध्याकाळी कुंदाचं जावळ हुंगलं तेव्हा वाटलं, याची सर मोगऱ्याला नाही. दूध, वेखंड आणि धुरी. फार सुखी आहे मी आज.

५ एप्रिल, बुधवार

बन्सी नावाचा म्हातारा माळी घराबरोबरच मिळाला आहे. पहाटे येतो, पाणी सोडतो, जातो. बोलणं कमी.

रोज परडीभर फुलं देवाला. वडिलांची शिकवण अशी की वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून मी श्वास रोखून, हात लांब करून फुलं तोडतो. सरू हसते, म्हणते, विंचू पकडताय की फुलं?

आज एक गोष्ट दिसली. हौदाच्या कठड्यावर ओंजळभर मोगरा ठेवलेला होता, अगदी टपोरा. संध्याकाळी पाहिला तर फुलं तिथंच, पण कागदासारखी झालेली.

९ एप्रिल, रविवार

ओंजळ रोज असते. बन्सीच ठेवतो. आमचे चुलते काकासाहेब म्हणतात, मी दुधात माशी पडण्याआधीच शोधायला लागतो. असेल. पण माझ्या देवाच्या आधी कुणाला फुलं जातात, हे मला कळायला नको?

विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “पहिली ओंजळ बाईसाहेबाची हाय, मास्तर. तेवढी द्यावीच लागती.” कोण बाईसाहेब विचारलं, तर पाणी वळवायला वाफ्याकडे वाकला. ही ओंजळ दाखवायला आणि बाकीची बाजारात विकत असणार, दुसरं काय! चोर तो चोर, वर शिरजोर. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. जाताना त्यानं मला नाही, पाळण्याकडे पाहून हात जोडले. ते मला आवडलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार

मोगरा भरभरून फुललाय. सरूनं गजरा केला आणि माळता माळता थांबली. म्हणाली, याला वासच नाही. माझा विश्वास बसेना. पूजा आटोपली होती, म्हणून मीही एक फूल नाकाशी धरलं. काही नाही. दुसरं, तिसरं. चमेली, हिना. कशालाच काही नाही.

म्हणजे कुणीतरी माझ्या आधी येऊन एकेक फूल हुंगून गेलंय. आणि तीच हुंगलेली फुलं मी देवाला वाहिली! बन्सीच. सूड उगवतोय. पण फाटकाचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि रात्री पाणी सोडलेल्या वाफ्यात फक्त माझ्याच चपलांचे ठसे.

१२ एप्रिल, बुधवार

शाळेतून दुपारी परतलो. उन्हासाठी खिडक्या-दारं बंद. आतल्या खोलीत मोगऱ्याचा वास कोंडलेला, डोकं दुखावं इतका. बागेतल्या फुलांना वास नाही आणि पाळण्याभोवती हा दरवळ! पाळण्यावर वाकलं की जास्त, दोन पावलं मागं आलं की कमी.

शेजारच्या जैतुनबी सकाळी बाळाला बघून गेल्या होत्या. अत्तर लावलं असणार. सरूला बोललो. ती चिडली, त्यांनी बाळाला हातही लावला नाही म्हणते.

१४ एप्रिल, शुक्रवार

आता मी बन्सीला काय तो धडा शिकवतो. संध्याकाळी उजेड आहे तोवर झाडन् झाड निपटून काढलं. कळीसुद्धा ठेवली नाही. सगळ्या कळ्या ओल्या फडक्यात बांधून कपाटात, किल्ली जानव्याला. ये म्हणावं आता आणि हुंग काय हुंगायचंय ते.

१५ एप्रिल, शनिवार

कपाटातल्या कळ्या उमलल्या. वास आहे! झकास वास आहे. जिंकलो म्हणून सरूला हाक मारली.

ती स्वयंपाकघरात हिंगाची डबी नाकाशी धरून उभी होती. हिंगाला वास नाही. कापूर पेटवला, त्यालाही नाही. माहेरच्या लुगड्यातल्या वाळ्यालाही नाही. माझं नाक ठीक आहे, नुकताच मोगरा हुंगलाय.

बाहेर फुलं मिळाली नाहीत म्हणून कुणी घरात आलं का?

१६ एप्रिल, रविवार

हौदाच्या आडोशाला मांजर व्यालेली आहे. तीन पिल्लं. सकाळी त्यातल्या एकाला ती पंजानं ढकलत होती. मी उचलून परत तिच्या पोटाशी ठेवलं. तिनं हुंगलं आणि फिस्कारली. स्वतःच्या पिल्लावर! दुपारपर्यंत पिल्लू गेलं. उचलताना नाकाशी नेलं. काही नाही. धुतलेल्या दगडासारखं.

जैतुनबींकडे गेलो. अत्तराचा संशय घेतला म्हणून माफी मागितली. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं, मग सांगितलं.

अत्तरवाल्याची बायको नजमुन्निसा. देवीत डोळे गेलेले. प्रत्येक झाड, प्रत्येक माणूस वासावरून ओळखायची. लेकीचं डोकं हुंगायची आणि हसायची. नवरा तान्ह्या लेकीला घेऊन पुढं गेला. तुला न्यायला येतो म्हणाला. आला नाही. सात-आठ महिने ती बागेत बसून फूल न् फूल हुंगत राहिली, लेकीचा वास कुठं सापडतो का म्हणून. गेल्या उन्हाळ्यात मोगऱ्याच्या वाफ्यातच गेली, तोंड फुलांत.

जैतुनबी म्हणाल्या, “बन्सीच्या वंजळीवर तिचं मन रमत होतं, मास्तर. तुमी तेबी बंद केलं. घरात लेकरू हाय तुमच्या. लई वाईट केलं.”

१७ एप्रिल, सोमवार

बन्सीला शोधलं. दौलताबादेला लेकीकडे गेलाय म्हणतात. मीच पहाटे ओंजळ ठेवली. टपोरी फुलं. हात जोडले. चुकलो म्हणालो.

संध्याकाळी पाहिलं. फुलं टवटवीत. वास जसाच्या तसा.

तिनं शिवलीही नाहीत. तिला आता फुलं नकोत—

उद्या पहिल्या मोटारीनं नगर. सरूला सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. कुंदाला पाजताना सारखी थांबत होती, वाकून हुंगत होती.

१८ एप्रिल, मंगळवार, सकाळ

मोटार चुकली. सरू निघेना. कुंदा भुकेनं रडतेय आणि सरू तिला घेत नाही. शांतपणे म्हणाली, ही आपली नव्हे.

मी ओरडलो. ती म्हणाली, कुंदा बाहेर आहे. वास येत नाही का तुम्हाला?

येतोय. मलाही येतोय—

दुपार

वाफ्यात जाऊन आलो. एकेक फूल. दूध, वेखंड, धुरी. प्रत्येक फुलाला माझ्या लेकीचा वास. सरू तिथं पदर पसरून बसली आहे. हाक ऐकत नाही. तोंड फुलांत—

एक ओंजळ. एका ओंजळीसाठी मी—

आत आलो. कडी लावली. पोरीला मांडीवर घेतलं. जावळात नाक खुपसलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. हीच ती. गालावरचा तीळ तिचाच. मी बाप आहे, मला संशय येता कामा नये—

मी हिला जरा दूर धरलं आहे. का धरलं आहे?

रडणं थांबलं. डोळे उघडे आहेत. बोट हलवलं, दिवा हलवला. डोळे वळत नाहीत. नाकपुड्या मात्र—

माझा हात धरलाय. तोंडाशी ओढतेय. हुंगतेय. हसली—

मोगऱ्याचा वास. तिच्या श्वासातून. आणि माझ्या हाताला आता शाईचा वास नाही, घामाचा नाही, कसलाच—