आई-बाबांची खोली

चिरंजीव,

तू आंघोळीला गेलायस, म्हणून लिहून ठेवतोय. छोटीला शाळेत सोडायला निघालो. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी एकाहून जास्त मालक असलेल्या पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. आधी एस, मग त्याच्यापुढे अपॉस्ट्रॉफी टांगायची. एवढं इंग्रजी मलाही झेपलं. चार झाल्या. पाचवीला 'आई-बाबांची खोली' लिहिताना पोर अडली. "आजोबा, बाबा बारा दिवस सोफ्यावर झोपतायत. खोली अजून दोघांचीच आहे ना?"

मी ठणकावून सांगितलं, "दोघांचीच. शाईनं लिही."

तेव्हा पोरीची वही खोटी पाडू नकोस. तुझं अंथरूण मी खोलीत नेऊन ठेवलंय. सूनबाई बघत होती. मग तिनंच तुझ्या उशीला धुतलेला अभ्रा घातला.

— अण्णा