पियालीच्या टाकीतले शेवाळ

३ नोव्हेंबर
मुलाच्या, टुबलूच्या फोनमुळे ही रोजनिशी सुरू करावी लागत आहे. सून पियाली बाळंतपणाला चंदननगरला माहेरी गेली, ती अजून तिथेच. नात तीन महिन्यांची झाली. फेब्रुवारीत पियालीची नोकरी पुन्हा सुरू होणार. मग नातीला दिवसभर कोणी सांभाळायचे, मी की विहीणबाई, हे विचारले तर मुलगा म्हणतो, "बघू." स्वतःच्या आईला बघू! मी बजावले, तुझ्या बायकोची माशांची टाकी माझ्या हवाली आहे. तिच्यातली नाजूक रोपे मी कशी जपते ते बघ, आणि मग ठरव बाळ कोणाकडे ठेवायचे. तो हसला. "ठीक आहे मा, ठरलं." उद्या कोणी शब्द फिरवू नये म्हणून सगळे तारखेनिशी लिहिणार.
टाकीत दोष एकच. काचेवर हिरवट थर. किरकोळ.

५ नोव्हेंबर
पियाली सांगून गेली होती की लाइट सहा तास, खाणे चिमूटभर, आठवड्याला बादलीभर पाणी बदलायचे, वर काही घालायचे नाही. मी बॉटनीची पदवीधर आहे. वनस्पतीला प्रकाश लागतो, हे तिच्या कॉम्प्युटरच्या कॉलेजात शिकवत नसावेत. लाइट आता पहाटेपासून निजेपर्यंत.
शिवाय रोपे उपाशी. गच्चीतल्या शेवंतीला मी मोहरीची पेंड कुजवून तिचे पाणी देते. क्लबच्या प्रदर्शनात दर हिवाळ्यात पहिले बक्षीस उगाच मिळत नाही. तेच पाणी टाकीत एक चमचा घातले.
हे पेपरामागून म्हणाले, वास येतोय. मी म्हटले, तुमच्या पूर्व बंगालच्या सुक्या माशांना वास येतो तेव्हा नाक कुठे असते?

११ नोव्हेंबर
पानांवर हिरवे केस. भिंगातून पाहिले. स्पायरोगायरा! कॉलेजात हिची मी काढलेली आकृती सरांनी वर्गभर फिरवली होती. तेव्हा काचपट्टीवर मुकाट पडून राहायची. आता माझ्या घरात माज करते.
निदान सोपे आहे. रोपे अशक्त, म्हणून शेवाळ शिरजोर. पेंडीचे पाणी तीन चमचे.

१६ नोव्हेंबर
यांच्या जुन्या टूथब्रशने एकेक पान घासले. दुपारपर्यंत टाकी लख्ख. शेवाळाचा प्रश्न कायमचा मिटला.
संध्याकाळी कळले, ब्रश जुना नव्हता.

१९ नोव्हेंबर
पुन्हा उगवले. दुप्पट. डोस वाढवला.

२३ नोव्हेंबर, रविवार
गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात गेले. माशांच्या पिशव्या टांगलेल्या आणि प्रत्येक दुकानदार शास्त्रज्ञ. एकाने सकर नावाचा काळा मासा पुढे केला. "मासीमा, हा सगळं चाटूनपुसून खातो. मोलकरीण सोडून द्याल." लाइट किती वेळ ठेवता, असे विचारू लागला. मी म्हटले, मला शिकवू नका, मी ग्रॅज्युएट आहे. तो म्हणाला, "असं होय? मग दोन न्या."
दोन आणले.

२७ नोव्हेंबर
सकर हरामखोर निघाले. शेवाळाला तोंड लावत नाहीत. दिवसभर लाकडाखाली लोळतात आणि माझी पाठ वळली की रोपे मुळासकट उपटतात. जावयांच्या सणाला, षष्ठीच्या जेवणाला आलेला जावईसुद्धा इतका आडवा पडत नाही. पियालीच्या लाडक्या लांब पानांच्या झाडाची तीन पाने तरंगताना सापडली. काढून शेवंतीच्या कुंडीत पुरली. वाया काही गेले नाही.

३० नोव्हेंबर
विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. गोड आवाजात, "दिदी, टाकी कशी आहे?" म्हटले, हिरवीगार. मी खोटे बोलत नाही. "पियालीला दाखवा ना जरा." म्हटले, फोनचा कॅमेरा बिघडलाय. "अगंबाई, मग मला तुमचा चेहरा दिसतोय तो कुठून?"
रेंज गेली. म्हणजे मी घालवली.
बाळ त्यांच्या मांडीवर होते. मांडी नीट घातलेली नव्हती. मान लटकत होती. अशा हातात मूल?

७ डिसेंबर
पाणीच हिरवे झाले. मासे आहेत की नाहीत, हे श्रद्धेवर मानायचे. हे म्हणाले, पालकाचं सूप छान जमलंय, मीठ टाकू का? शेजारच्या मल्लिकबाई वाटी मागायच्या निमित्ताने आल्या, टाकीसमोर उभ्या राहिल्या. "काय गं हे! डेंग्यू तपासणाऱ्या बायका आल्या तर नोटीस चिकटवतील."
आता कारण सापडले. मल्लिकबाईंची नजर. त्यांच्या डेलियाला गेल्या वर्षी उत्तेजनार्थही मिळाले नव्हते.
पेंडीचे पाणी अर्धी वाटी. आता माघार नाही.

१४ डिसेंबर
टुबलू फोनवर म्हणाला, चार दिवस टाकी झाकून ठेव, मा. अंधारात शेवाळ मरतं. मलाही तेच सुचणार होते. यांची रजई टाकीवर घातली. अंधारात रोपे उपाशी राहू नयेत म्हणून आधी पेंडीचे पाणी वाटीभर दिले.
आतले दिसत नाही म्हणून अधूनमधून रजई उचलून टॉर्च मारते. त्याला उजेड म्हणत नाहीत.

१८ डिसेंबर
रजई काढली. यांना सर्दी झाली आहे. निऑन मासे तरंगत होते. निऑन जातच नाजूक, पियालीची निवड चुकली. सकर ठणठणीत. शेवाळ तर त्याहून.
घरभर वास. उदबत्त्या लावल्या. हे म्हणाले, आता देवळामागच्या गटारासारखा येतोय.

११ जानेवारी
पियाली, टुबलू आणि विहीणबाई बाळाला घेऊन न कळवता आले. न कळवता! बाळ थेट माझ्या मांडीवर दिले. वजनदार आहे. माझ्या चष्म्याची दांडी पकडून ठेवली.
पियाली टाकीपाशी गेली. बराच वेळ वाकून उभी राहिली. मग म्हणाली, "मा, यात काय घातलं?" मी म्हटले, शेवाळाने थैमान घातलंय, एकटी लढतेय. "पण तुम्ही काय घातलं?" थोडं खत. विहीणबाईंनी लांबूनच नाक वर केले. "पेंड! दिदी, अहो, आम्ही दुधीच्या वेलाला घालतो ती?" हे, ज्यांची चाळीस वर्षे मी पथ्ये सांभाळली, म्हणाले, "वाटीभर."
पियाली ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिले असते. नुसती म्हणाली, "वर काही घालू नका म्हटलं होतं मा. ते शेवाळालाच जेवण झालं."
विषय बदलावा म्हणून मी बाळाकडे पाहून म्हटले, किती रोडावलीय ही, नुसत्या दुधावर ठेवता का? पियाली म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने वर काही नाही. मी म्हटले, डॉक्टर सांगतातच, मधाचं एक बोट चाटवलं तर काय बिघडतं? टुबलूला मी रोज चाटवायचे.
सगळे टाकीकडे पाहू लागले. टुबलूसुद्धा.
पियालीने वाकून बाळ घेतले. चष्मा सोडवायला वेळ लागला.

१८ जानेवारी
चंदननगरहून टुबलूचा फोन. विहीणबाई इथेच येऊन राहतील, सोमवार ते शनिवार. "तुलाही आराम, मा." हे मुळात मीच सुचवणार होते. या वयात दगदग कोणी सांगितली?
टाकी तर पियालीने गेल्याच आठवड्यात सकरांसकट मैत्रिणीला देऊन टाकली. नेताना माणसांनी पाणी गच्चीतल्या कुंड्यांत ओतले. शेवंती आठवडाभर नुसती खुलली आहे. माझे खत बरोबरच होते.

१ फेब्रुवारी
विहीणबाई आल्या. हवाली केले ते असे. टाकी होती ती खोली. तिथल्या कपाटाची किल्ली. मच्छरदाणी, तक्क्यांसह. दूध तापवायचे छोटे पातेले. पेंडीचा डबा त्यांनी दुधीसाठी मागितला, तोही दिला.
नात सकाळी थोडा वेळ माझ्याकडे होती. खांद्यावर झोपली. मी हलले नाही. मग विहीणबाई म्हणाल्या, "द्या दिदी, दुधाची वेळ झाली."
दिली.