शेवटच्या भागात कोंबड्या कशा शिरल्या

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगच घालतोय, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही मला उभा राहू देणार नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत, काकूची दाढ काढली का, आणि माझ्यावर धावून येणारा तो लाल कोंबडा अजून जिवंत आहे का, ते कळवा. इकडे सगळे ठीक. आता सरळ कबूल करतो. तुमच्या 'कोंबडी आणि आपण' या पुस्तकातली सोळा पानं मी चोरली आणि दुसऱ्याच्या कादंबरीत शिवून टाकली. चप्पल शोधू नका, आधी वाचा. तुमचं पुस्तक आजवर कुणी विकतसुद्धा घेतलं नव्हतं, आता ते वाचायला लोक नंबर लावतायत.

झालं असं. मी दहावीत दुसऱ्यांदा आपटल्यावर बाबांनी मला मामांच्या बाइंडिंगच्या दुकानात बसवलं, हे तुम्हाला माहीतच आहे. मामांचं पोट वाचनालयाच्या कामावर चालतं. तिथल्या बाई पुस्तकं पाठवतात, आम्ही शिवून पुठ्ठा चढवून परत देतो. मामांनी मला सांगून ठेवलंय, आणखी एक भानगड केलीस तर काकाकडे खुराडी धुवायला पाठवीन. (रागावू नका, तुम्ही आवडता. खुराड्यांचा वास आवडत नाही.) तेव्हापासून मी इतका शहाण्यासारखा वागत होतो की मामी म्हणाली, याला ताप आलाय का बघा. अशात आला एका मोठ्या कादंबरीचा तिसरा आणि शेवटचा भाग. नवाकोराच होता, पण छापखान्याने शिवण इतकी कच्ची घातलेली की बाईंनी वाचकांना देण्याआधी आमच्याकडे पाठवला. गोष्ट अशी की माणसं महाकाय पक्ष्यांवर बसून लढतात, एका राणीला शाप असतो, आणि जगातल्या शेवटच्या महापक्ष्याचं एकच अंडं उरलेलं असतं. मी पुस्तक उसवलं, फर्मे सुटे केले (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं), आणि शिवण्याऐवजी वाचत बसलो. लढाई ऐन रंगात आली तेव्हा लोखंडी पट्टी माझ्या हातात आपोआप आली. समोर शत्रू कुणी नव्हता, खळीचं डबडं होतं. एका घावात शत्रू आडवा झाला तो थेट शेवटच्या फर्म्यावर. फर्मा धुतला, पुसला, उन्हात ठेवला. वाळल्यावर तो भिंतीला न टेकता उभा राहायला लागला.

आता मामा पुस्तक डोळ्यांनी वाचत नाहीत, अंगठ्याने वाचतात. जाडी कमी लागली की लगेच ओळखतात. म्हणजे सोळा पानं कुठून तरी आणणं भाग होतं. वरच्या फळीवर तुमचे सुटे फर्मे होते, तुम्ही शिवायला दिलेले आणि न्यायला विसरलेले. तोच आकार, तसाच पिवळट कागद. हाताला लागला तो उबवणी आणि स्वच्छतेचा फर्मा. कादंबरी तुटत होती ती अशी: 'वीराने थरथरत्या हातांनी ते अंडं उचललं आणि'. आणि तुमचा फर्मा सुरू होत होता: 'दिव्यासमोर धरून पाहावे. आत लाल शिरा दिसल्यास उबेत ठेवावे, न दिसल्यास बाजूला काढावे.' शप्पथ सांगतो काका, अंगावर काटा आला. मी दोरा ओवला.

आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवतात, वाचून झालं की त्यावर मत लिहायचं. काही दिवसांनी बाईंनी मला हाक मारली, "इकडे ये, हे बघ काय झालंय." मी मनातल्या मनात खुराडी धुवायला सुरुवात केली. बघतो तर कागद भरून दुसरा जोडलेला! रिटायर हेडमास्तरांनी लिहिलं होतं की युद्ध संपल्यावर झाडू हातात घेणारा नायक त्यांनी प्रथमच पाहिला. पानांचे आकडे पाचशेच्या पुढून एकदम तेहतिसावर येतात ना, त्यावर बँकेतल्या कॅशियरने लिहिलं, काळाचं चक्र उलटं फिरवण्याची ही युक्ती अफाट आहे. (त्याच्याकडे आपले पैसे आहेत, लक्ष ठेवा.) दातांच्या डॉक्टरीणबाईंना 'एकमेकांना टोचणाऱ्यांची चोच वेळीच छाटावी' हे वाक्य राजकारणावरचा टोला वाटलं. आणि कॉलेजातल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'जी अंडी उबली नाहीत ती लांब नेऊन पुरावीत, हे वाचून मी रडले. इतक्या शांतपणे दुःख कुणी सांगितलं नव्हतं.' सगळ्यात खाली एक बिननावाचं मत: 'चुन्याचं प्रमाण बरोबर आहे. करून पाहिलं. वास गेला.'

इथवर ठीक होतं. पण बाईंनी हौसेने त्या लेखकालाच बोलावलं, वाचकांची मतं ऐकायला. मी खुर्च्या मांडायला, मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. लेखक आला तोच मार खाल्ल्यासारखा. त्याच्या खऱ्या शेवटात अंडं हातातून पडून फुटतं आणि सगळे सोळा पानं रडतात, त्यामुळे गावोगावच्या वाचकांनी त्याला धुतलेला. हेडमास्तर उठले. "पहिल्या भागात तुम्ही मला झोपवलंत, दुसऱ्यात घोरायला लावलंत. पण तिसऱ्यात तो चुना मारायला घेतो ना, तिथे मी उठून बसलो!"

"चुना?" लेखक म्हणाला.

"बघा, किती नम्र माणूस!" कॅशियर.

"आणि ती अंड्यांवर खुडुक बसलेली, ती शापित राणीच ना हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "खाणं नाही, पिणं नाही, जागची हलत नाही, जवळ गेलं की अंगावर येते. मला माझ्या सासूबाईच आठवल्या."

लेखकाने सगळीकडे पाहिलं. त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बहुतेक कुणी कधी पाहिलं नसावं. मग तो म्हणाला, "त्या प्रकरणावर मी जरा जास्तच मेहनत घेतली." माझा चहा नाकातून आला. मग सही करतो म्हणून त्याने ती प्रत मागितली, शेवट उघडला, आणि बराच वेळ वाचतच राहिला. "बाइंडिंग कुणाचं?" मामा छाती काढून उठले. "आमचं! पान इकडचं तिकडे होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामा कापड आणायला गेले आणि लेखक दुकानात हजर. "शेवट कुणाचा?" म्हटलं, काकांचा. "काका काय करतात?" म्हटलं, कोंबड्या. तो स्टुलावर बसला. मी पाय धरायला वाकलोच होतो, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "दुकानदारांनी परत केलेल्या प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. सगळ्यांना हाच शेवट लाव. नाहीतर बाईंना खरं सांगतो." मी म्हटलं, "सांगा. मग तुम्ही कसली मेहनत घेतलीत तेही कळेल." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा मागवला.

काकूला नमस्कार. कोंबड्याला काही सांगू नका.

तुमचा लाडका (हे मीच ठरवलंय) पुतण्या

ता. क. : तुमच्या माळ्यावर त्याच फर्म्याचे गठ्ठे पडलेत, ते हवेत. विचारायला हवं होतं, पण टेम्पो निघालाय. हे पत्र टेम्पोवाल्यानेच आणलंय आणि तो आत्ता तुमच्या दारात उभा आहे. त्याला पाणी द्या.

आणखी एक ता. क. : लेखक म्हणाला, पुढच्या कादंबरीत घोडे घ्यायचा विचार होता, पण काकांना शेळ्यांचं काही येत असेल तर तसं करू.

शेवटचं : पुस्तकावर तुमचं नाव येणार नाही, हे मला लागलंय, खरंच. पण काका, ती कॉलेजातली मुलगी रडली ती तुमच्या वाक्यावर. हे फुटलं तर मामांचं काम जाईल, मी खुराड्यात येईन, आणि तीच मुलगी तुमच्या वाक्यावर हसेल. म्हणून हात जोडतो, पाया पडतो, कुणाला सांगू नका. वाचकांच्या मतांचा कागद वाचून मनातल्या मनात फुगा हवं तेवढं, दुसऱ्या टेम्पोने तो पाठवतो. पण तोंड उघडू नका. काकूसमोरसुद्धा नाही.